चौथं शील

माझी आई खोटं बोलत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय. खोटारड्या माणसांनी घरादाराला जेरीस आणल्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत. आमच्या घराला खरं बोलणाऱ्या बाईनं जेरीस आणलं.

बाबांचं फोटो मढवून देण्याचं दुकान. वर घर, खाली दुकान. पुढे काउंटर, मागे कापायचं टेबल, भिंतीशी उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या, कागदाचे तुकडे मध्ये घालून रचलेल्या काचा, आणि या सगळ्यावर बारीक भुशाचा थर. कितीही झाडा, तो परत बसायचाच. देवांच्या तसबिरी यायच्या, पदव्या यायच्या, लग्नाचे फोटो यायचे. पण सगळ्यांत जास्त यायची ती गेलेली माणसं. कुठल्यातरी समारंभातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला चेहरा घेऊन लोक यायचे आणि म्हणायचे, उद्यापर्यंत द्या.

काउंटरवर आई बसायची. पंचशील घेईपर्यंत ती तुमच्या-माझ्यासारखीच सोयीसोयीनं खोटं बोलायची, आणि दुकान बरं चाललं होतं. मग एक दिवस कोणीतरी विचारलं, “ही पट्टी टिकेल ना हो?” आणि आई म्हणाली, “नाही. ओल लागली की फुगेल. त्यापेक्षा ती साधी घ्या.” मागे टेबलापाशी बाबांनी करवत खाली ठेवून कपाळाला हात लावला. दुसऱ्या एका बाईनं सासूचा फोटो पुढे केला, “छान आलाय ना?” आई फोटो निरखून म्हणाली, “नाही. रागावल्यासारख्या दिसतात. दुसरा नाही का?” ती बाई आधी आईवर रागावली, मग हसली, मग म्हणाली, अहो, त्या होत्याच तशा. हाच करा.

शेवटी बाबांनी हात टेकले. तिला काउंटरवरून उठवून आत काचा पुसायला बसवलं. “काचांशी बोल काय खरं बोलायचं ते,” म्हणाले.

हे सगळं सुरू झालं ते एका तसबिरीवरून. समोरच्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या वर एक मोठी खोली आहे. तिथे एक बाई ध्यान शिकवतात. लहानथोर सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी बुद्धाचं चित्र मढवायला दिलं होतं. ते पोचवायला आई गेली आणि तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी परत गेली. नंतर रोज सकाळी. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जायचं, मग पाच शीलं म्हणायची: जीव घेणार नाही, न दिलेलं उचलणार नाही, वासनेपायी वावगं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. म्हणून झालं की डोळे मिटून आपल्या श्वासाकडे बघत बसायचं. बाकीची चार मोडायची आईवर कधी वेळच आली नव्हती. (झुरळं सोडून. ती आता पुठ्ठ्यावर घेऊन जिन्याखाली सोडली जायची आणि आमच्याआधी वर पोचायची.) त्यामुळे तिचा सगळा जोर चौथ्यावर.

बाबांना या कशाचंच वावडं नव्हतं. त्यांचं स्वतःचं रोजचं ठरलेलं होतं: आंघोळ, देवपूजा, निरांजन, गंध, फूल, मग चहा. आईनं बुद्धाची वीतभर मूर्ती घरात आणली तेव्हा त्यांनी ती आनंदानं देव्हाऱ्यात मांडली. “आमचाच आहे तो. विष्णूचा अवतार.”

“अवतार नाही, माणूस होता,” आई म्हणाली, आणि मूर्ती उचलून तिनं खिडकीत ठेवली.

मग बाबा देव्हाऱ्यात फूल वाहायचे आणि एक खिडकीतही ठेवून यायचे. देवाला बरं वाटावं म्हणून ते फूल वाहायचे. आई म्हणायची, मी ठेवते ते अशासाठी, की संध्याकाळी ते सुकलेलं दिसावं. एकाच कुंडीतली फुलं, आणि त्यावरून दोघांची रोज सकाळी जुंपायची.

खरी जुंपायची ती आत्म्यावरून. बाबा म्हणायचे, “चौकट मोडते, काच फुटते. चित्र तेच. ते काढायचं, नव्या चौकटीत घालायचं. झाला पुढचा जन्म.” आई काच पुसता पुसता म्हणायची, “तुमच्या दुकानात उन्हाच्या बाजूला टांगलेलं चित्र बघा जरा. रोज थोडा रंग उडतोय. कालचं आज नाही. कुठलं चित्र तेच म्हणता?” यावर बाबा हातोडी ठोकायला लागायचे. मी आणि दादा या भांडणांवर वाढलो. दादानं पुढे दुकान धरलं, मी लग्न करून दोन बस बदलून पोचता येईल एवढ्या अंतरावर गेले. आईबाबांची भांडणं ही आमच्याकडे करमणूक होती. तिच्यातून कधी कोणाच्या जिवावर बेतेल असं वाटलं नव्हतं.

मग बाबांची फुप्फुसं गेली. आयुष्यभराचा भुसा आणि पॉलिश. डॉक्टरांनी मला आणि दादाला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार नाही, घरीच ठेवा, त्रास होऊ देऊ नका. पुढच्या खोलीत पलंग लावला, शेजारी प्राणवायूचं यंत्र. ते दिवसभर घरघरत असायचं. मी मुलांना सासूबाईंच्या गळ्यात घालून माहेरी येऊन राहिले.

मरणाला बाबा भीत नव्हते. नाकात नळी घालून ते दादाला पट्टी कशी तासायची ते सांगायचे. त्यांना घाबरवलं होतं भलत्याच गोष्टीनं. एका दुपारी मी त्यांना उशीला टेकवून बसवत होते, तेव्हा म्हणाले, “काय गं, सात जन्म म्हणतात. पण हा कितवा ते कोणाला माहीत?”

“म्हणजे?”

“हाच सातवा असला तर?”

मला हसू आलं. ते हसले नाहीत. मग लक्षात आलं, की हा माणूस कितीतरी दिवस पडल्या पडल्या हाच हिशोब करतोय.

त्याच संध्याकाळी त्यांनी आईला हाक मारली. “अगं, इकडे ये. बस.” ती बसली. एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागत होतं. “पुढच्या जन्मी येशील ना? मला भेटायला?”

आईनं त्यांची नळी सरळ केली. पांघरूण सारखं केलं. “पाणी देऊ?”

“पाणी नको. येशील ना?”

“दुधाची वेळ झाली,” असं म्हणून आई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. ते विचारायचे, ती उठायची. दर वेळी त्यांचा चेहरा थोडा आणखी उतरायचा. जेवण तुटलं. दादाचा स्वभाव गरीब, तो खाली दुकानात जाऊन उगाच काचा मोजत बसायचा. माझा स्वभाव गरीब नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

“आई, एक शब्द. ‘हो’. एवढंच म्हणायचंय. त्यात तुझं काय जातंय?”

ती दुधावर नजर ठेवून उभी होती. “मला जे म्हणता येत नाही ते कसं म्हणू?”

“तोंडानं! सगळं जग म्हणतं तसं. मरणाऱ्या माणसाला काय लोक खरं सांगत बसतात?”

“मग तू म्हण.”

“मला विचारलंय का त्यांनी?”

मी थांबले नाही. माझी गाडी एकदा सुटली की मलाही थांबवता येत नाही. म्हटलं, “दुकानात गिऱ्हाइकं घालवलीस, आम्ही हसलो. लोकांच्या सासवांना रागीट म्हणालीस, हसलो. आता बाबांच्या उरावर बसून खरं बोलणार आहेस?”

“अगं,” ती हळू म्हणाली, “मी इतकी वर्षं रोज सकाळी तिथे कशाला जाते? हवंहवंसं वाटतं म्हणून माणूस परत परत जन्माला येतो. ते हवंसं वाटणं सुटावं, परत यायला लागू नये, म्हणून बसते ना मी.”

हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी ते मला लागलं. “एवढे वाईट आहोत का गं आम्ही? परत तोंडसुद्धा बघायला नको?”

आईनं गॅस बंद केला. “वाईट असतात तर सोपं गेलं असतं,” ती म्हणाली, आणि दुधाचा पेला घेऊन बाहेर गेली. मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. मी चिडलेली होते.

मी सरळ इस्त्रीवाल्याच्या वर गेले. मावशी चटया झटकून भिंतीशी रचत होत्या. खोलीत खालच्या वाफेची ऊब होती, भिंतीवर बाबांनी मढवलेलं ते चित्र. मी चपला काढता काढताच बोलायला सुरुवात केली. सगळं सांगितलं. म्हटलं, “तुम्ही तिला सूट द्या. एका वाक्यापुरती. तुमचं ऐकेल ती.”

“सूट?” मावशी म्हणाल्या. “मी कोण देणार? हे काय शाळेतलं आहे का? वरून कोणी बघत नाहीये. तिनं स्वतःशी बोललेली गोष्ट आहे ती.”

“मग पाप तरी किती लागेल ते सांगा. मी घेते माझ्या डोक्यावर.”

“दुसऱ्याचं घेता येत नाही गं. आणि मोजमापही तसं नाही. मनात काय होतं त्यावर असतं सगळं. दयेनं बोललेलं, लोभानं बोललेलं, सगळं सारखं नाही. पण बोललेलं असतंच, आणि त्याचं जे यायचं ते येतंच.” त्यांनी चटई ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. “तुझ्या बाबांच्या इतकीच मला आईची काळजी वाटते. हल्ली ती येते, सगळ्यांबरोबर म्हणायला लागते, आणि चौथ्यापाशी येऊन थांबते. पाचवं म्हणते. चौथं नाही. मी विचारलं नाही.”

मला बरं वाटलं, कबूल करते. म्हटलं, बर्फ वितळतोय. खोटं बोलायची तयारी चालली आहे, आणि आधी शपथ सोडून मग बोलावं एवढी तिची सचोटी. घरी येताना मी पायऱ्या दोन दोन करत चढले.

आणि झालंही तसंच. दोन दिवसांनी सकाळी बाबांना धाप फार होती. यंत्राचा काटा दादानं जाईल तेवढा वर नेला होता. बाबांनी विचारलंसुद्धा नाही. नुसतं आईकडे बघितलं. ती त्यांच्या उशाशी बसली, त्यांचा हात हातात घेतला. आमच्यासमोर तिनं असं कधी केलं नव्हतं. मग म्हणाली, “येईन.”

बाबांनी डोळे मिटले. “नक्की?”

“येईन म्हटलं ना.”

दादानं माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. मला इतकं हलकं वाटलं, की मी आत जाऊन नळ सोडून रडून घेतलं. त्या दिवशी बाबा अर्धा पेला दूध जास्त प्यायले. तपासायला आलेल्या डॉक्टरांना म्हणाले, “हिला विचारा. पुढच्या जन्मीसुद्धा हीच आहे. सुटका नाही.” डॉक्टर हसले. आई हसली नाही. खिडकीपाशी उभी राहून बाहेर बसच्या थांब्याकडे बघत होती. मी मनात म्हटलं, होईल सवय.

एक दिवस आनंदात गेला. दुसऱ्या सकाळी बाबांचा चेहरा बघून मी हातातला पेला खाली ठेवला. धाप नव्हती, पण माणूस काळवंडला होता.

“काय झालं, बाबा? दुखतंय का?”

“ही खोटं बोलली,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“हिला परत यायचंच नाही. जे मनात नाही ते बोलली. माझ्यासाठी बोलली.” त्यांनी श्वास गोळा केला. “काल मला गंमत वाटली. म्हटलं, बरी सापडली. खोटं बोललीस ना, आता ते फेडायला तुला यावंच लागेल. माझ्या हिशोबानं नाही, तुझ्याच हिशोबानं.” ते हसायला गेले आणि खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर म्हणाले, “मग कळलं, मी काय केलं ते. अगं, सुटायचं कोणाला नसतं? आमच्यातसुद्धा शेवटी मोक्षच मागतात. मला तो जमणार नाही, मला ठाऊक आहे. माझा जीव पट्ट्यांत, काचांत, तुमच्यात. पण ती चालली होती. रोज सकाळी उठून थोडी थोडी चालली होती. मी तिचा पदर धरून तिला मागे ओढलं.”

त्यांच्या आनंदासाठी मी जंग जंग पछाडलं, आणि आता तो आनंदच त्यांना खात होता.

“पूजेचं साहित्य आण,” ते म्हणाले. “पळी, पंचपात्र, ताम्हन. आणि तिला बोलाव. दादालाही.”

मी आणलं. दादा खालून सरसानं चिकट झालेले हात पुसत आला. आई दारात उभी राहिली. बाबांनी ताम्हन मांडीवर ठेवायला लावलं, उजव्या तळहाताची वाटी केली आणि मला म्हणाले, “घाल पाणी.” मी पळीनं घातलं. थोडं पाणी मनगटावरून बाहीत गेलं.

काय चाललंय ते दादाच्या आधी माझ्या लक्षात आलं. दान देताना असं करतात. हातात पाणी घ्यायचं, काय देतोय ते बोलायचं, ‘आता हे माझं नाही’ म्हणायचं आणि बोटांवरून पाणी ताम्हनात सोडायचं. पाणी पडलं की हक्क गेला. मग परत मागता येत नाही.

“तुझ्या वडिलांनी लग्नात असंच पाणी सोडून तुला माझ्या हाती दिलं,” बाबा आईला म्हणाले. एकेक शब्द तोडून. “तसंच मी सोडतो. या जन्मीचं झालं. पुढचा माझा हक्क मी सोडला. तुझं ते ‘येईन’ मी परत केलं. तू मोकळी आहेस. ही आता माझी…”

“थांबा.”

आईचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. ती दारातून पलंगापाशी आली.

“मी काय भांडं आहे का, या हातातून त्या हातात द्यायला? येईन असं मी म्हणाले. तुम्ही कोण परत करणारे?”

“अगं, पण तू माझ्यापायी खोटं…”

“नाही बोलले.”

बाबांचा हात कलायला लागला होता. पाणी बोटांच्या टोकाशी आलं. आईनं झटकन आपले दोन्ही हात पुढे केले आणि त्यांच्या हाताखाली धरले. पाणी ताम्हनात न पडता तिच्या ओंजळीत पडलं.

“खोटं नाही बोलले मी,” ती म्हणाली. “खोटं असतं तर पहिल्याच दिवशी बोलले असते. एवढं कळत नाही का मला, मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते? शील मोडलं असतं, दुसऱ्या दिवशी परत घेतलं असतं. मला भीती खोट्याची नव्हती हो. इतकी वर्षं बसतेय. सगळं सुटलं. दुकान सुटलं, दागिने सुटले, ही पोरंसुद्धा सुटली.” तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तुम्ही सुटत नाही. डोळे मिटले की तुम्ही. श्वास मोजायला जाते आणि तुमची धाप ऐकू येते. तुम्ही विचारलंत आणि मला हो म्हणावंसं वाटलं. तेच मी तोंडातून काढत नव्हते. एकदा काढलं की खरंच झालं ना ते.”

यंत्र घरघरत होतं. दादा भिंतीला टेकून उभा होता.

‘वाईट असतात तर सोपं गेलं असतं.’ मी दार लावून, आवाज चढवून तिच्याकडून एक शब्द मागितला होता. मला वाटलं होतं, खोटा शब्द मागतेय, फुकटचा.

बाबांचे ओठ हलत होते. “मग आता… तू सुटणार कशी?”

“नाही सुटत,” आई म्हणाली. तिची ओंजळ गळायला लागली होती, चादर भिजत होती, आणि ती ते पाणी सांडू नये म्हणून बोटं आवळत होती, आणखी आवळत होती.